उचललेल्या पायासमोर

सई, निशांत,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर मला तुमचे कराटेचे पांढरे कपडे दाखवलेत. सईने पाय उचलून दाखवला. मग निशांतने विचारलं, "आजी, तुला कुणी लाथ मारली तर तू काय करशील?" तुमचे बाबा मागे हसले. तुमची आई हसली नाही. ती पडद्यावरून बाजूला सरकली. मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये. आवाज नीट येत होता.

तुमच्या आईला उत्तर माहीत आहे. ती तिथे होती. इतक्या वर्षांत आम्ही दोघी त्यावर एक शब्द बोललेलो नाही. ती सांगणार नाही, आणि माझ्यामागे सांगायला कुणी उरणार नाही. म्हणून लिहिते. मराठीत लिहिते, कारण तुमच्या पुण्याच्या आजीने तुम्हाला वाचायला शिकवलं आहे. माझी बोलायची मराठी तंजावरची. ती ऐकून तुम्हाला हसू येतं. येऊ दे. हे मात्र हसण्यासारखं नाही.

मला लाथ मारली गेली आहे. आणि ज्याने मारली त्याच्या पायाला मी नमस्कार केला आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चेन्नईला तेव्हा मद्रास म्हणत. मी गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात स्टेनो होते. सकाळी मांबळमच्या घरून निघायचं, सेंट्रलला लोकल बदलायची आणि शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, पहिल्या वर्गात. मालकांची इंग्रजी पत्रं मी लिहायची. ते सांगायचे तमिळमध्ये, कागदावर उतरायचं ते माझं इंग्रजी. मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू.

मालकांना सगळे पेरियवर म्हणत, म्हणजे थोरले. त्यांचा मुलगा परदेशात शिकून आला. तो चिन्नवर, धाकटे. माझ्याहून वयाने लहान. तिकडून तो पदव्या किती घेऊन आला ते मला माहीत नाही, पण कराटे घेऊन आला. त्या काळी मद्रासमध्ये कराटेचं वेड होतं. ऑफिसात येता-जाता तो पाय उचलायचा. समोरच्याच्या नाकाजवळ बूट आणून थांबवायचा. समोरचा दचकला की हसायचा. सगळ्यांनी हसायचं.

सगळ्यात जास्त वेळा हे मुनुसामीच्या वाट्याला यायचं. मुनुसामी आमचा शिपाई. हातात चहाचा ट्रे असला तरी चिन्नवर पाय उचलायचा. एकदा मी मुनुसामीला विचारलं, तुम्ही काही बोलत का नाही? तो म्हणाला, "डोळे मिटून उभं राहायचं, अम्मा. लवकर संपतं."

आयुधपूजेचा दिवस. नवरात्रातली नवमी. हा दिवस तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते. त्या दिवशी कारखान्यात काम होत नाही. यंत्रं धुऊन त्यांना चंदन-कुंकू लावतात. फाटकाला केळीचे खांब बांधतात. ऑफिसात टाइपरायटरलाही हळदकुंकू. बायकामुलांना बोलावतात, सगळ्यांना मुरमुरे, चणे, फळं वाटतात. चपला दाराबाहेर. पूजा झालेल्या जागी पायात काही घालत नाहीत.

मी रेशमी साडी नेसले होते. तुमची आई माझ्याबरोबर होती, नुकतीच शाळेत रुळलेली, दोन वेण्या, परकर. मी पाहुण्यांना चंदनाचं ताट फिरवत होते. पेरियवर पूजेपाशी खुर्चीत बसले होते. चिन्नवरचे शहरातले मित्र आले होते. तो एकटाच बूट घालून आत उभा होता.

"मॅडम, ताट ठेवा. जरा इथे उभ्या राहा."

मी राहिले. साहेबाने उभं राहा म्हटलं की उभं राहायचं.

एक मित्र इंग्रजीत म्हणाला, "मोडू नकोस रे तिला."

पहिला पाय माझ्या नाकासमोर येऊन थांबला. पॉलिशचा वास आला. टाळ्या झाल्या. मग दुसऱ्यांदा तो पाय जमिनीवरून सुटताना मला दिसला, आणि मी खाली वाकले. तो पाय पोटापाशी थांबणार होता म्हणे. मी वाकले म्हणून तो खांद्याच्या हाडावर बसला. मी गुडघ्यांवर कोसळले.

पुढचं लिहायला मला दोन दिवस लागले आहेत.

माझे दोन्ही हात त्याच्या बुटावर होते. बोटं बुटाला लागली आणि तिथून डोळ्यांकडे गेली. मी ठरवून केलं नाही. नीट वाचा. मी ठरवून केलं नाही. लहानपणापासून पाय दिसला की वाकले होते. आजोबांच्या पायांशी, सणाला साऱ्या नातेवाइकांच्या पायांशी, लग्नात सासरच्या रांगेतल्या एकेकाच्या पायांशी. पायाला हात लागला की तो डोळ्यांना लावायचा. माझ्या हातांना तेवढंच येत होतं. पाय कुणाचा, कशासाठी उचललेला, हे हातांनी विचारलं नाही.

आधी एक मित्र हसला. मग सगळे. चिन्नवरने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"नल्ला इरु, मा."

सुखी राहा बाई. थोरांनी द्यायचा आशीर्वाद.

आणि मी म्हणाले, "थँक यू, सर."

हेही मी ठरवून म्हटलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं. कुणी काही दिलं की थँक यू म्हणायचं, नजर खाली ठेवून. घराने वाकायला शिकवलं, शाळेने आभार मानायला शिकवलं. मी दोन्हीकडची गुणी मुलगी.

उठले तेव्हा तुमची आई समोर होती. हातात मुरमुऱ्यांची पुडी. तोंडात मुरमुरे होते, पण ती चावत नव्हती.

स्टेशनावर सोडणाऱ्या कारखान्याच्या व्हॅनमध्ये तिने विचारलं, "अम्मा, तो अंकल देव आहे का?"

मी म्हटलं, "गप्प बस. खा."

खांदा काळानिळा झाला होता. लोकलच्या दाराला आपटला, असं मी घरी सांगितलं. तुमच्या आईने तिच्या आजीला खरं सांगून टाकलं. सासूबाई भाजी चिरत होत्या. विळीवरून मान वर न करता म्हणाल्या, "पायाला हात लागला, त्यात काय झिजलं?"

"तो माझ्याहून लहान आहे."

"पगार देतो तो मोठा."

तुमचे आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. "नोकरी सोडून काय करशील?" एवढंच म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांच्या बँकेत त्यांनाही कुणाकुणासमोर वाकावं लागत असेल. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

कारखान्यात मला नाव पडलं. 'कुम्बिडु मॅडम'. नमस्कारवाली बाई. लेथवर काम करणारे कामगारसुद्धा मी गेल्यावर हात जोडून दाखवायचे. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्यावर दिवसभर आवाज चढवला जाई. त्यांना हसायला मी मिळाले. चिन्नवर मला पाहून नुसता गुडघा हलवायचा आणि माझी मान खाली जायची. दर वेळी. मी मनाशी ठरवून निघायचे की आज मान हलणार नाही. ती हलायचीच. आपलं शरीर आपलं ऐकत नाही, ही लाज कशी असते ते सांगायला मला एकाही भाषेत शब्द मिळालेला नाही.

तुमच्या आईच्या शाळेत शांता मिस नावाच्या पी.टी.च्या बाई होत्या. बुटक्या, आवाज फाटका. दर रविवारी सकाळी त्या शाळेच्या पटांगणात मुलींना कराटे शिकवायच्या. तुमची आई जायला लागली. आम्ही आया कडुनिंबाखाली बसून विणकाम करायचो. एका रविवारी मिस आमच्याकडे आल्या.

"तुम्ही इथे काय लग्नाला आलात? उठा."

एक बाई म्हणाल्या, आम्ही साडीत आहोत.

"लाथ मारणारा कपडे बदलायला वेळ देणार आहे का तुम्हाला?"

बाकीच्या हसत बसून राहिल्या. मी उठले.

मिसनी मला समोर उभं केलं आणि पाय उचलला. अगदी सावकाश, सरळ, पोटाच्या दिशेने. मी वाकले. दोन्ही हात खाली, तोंड पुढे.

"एदुक्कु कुनियरे?" त्या म्हणाल्या. कशाला वाकतेस?

पुन्हा पाय. पुन्हा मी वाकले. या वेळी त्यांनी पाय थांबवला तेव्हा त्यांचा गुडघा माझ्या दातांना टेकला होता.

"बघ. लाथ पोटाला होती. तू तोंड आणून दिलंस. दात कुणी पाडले? तूच."

मी रडले. सगळ्या बायकांसमोर, मुलींसमोर. मिस थांबल्या नाहीत. "रड. रडतानाही पाठ सरळ ठेवता येते," म्हणाल्या.

मग त्यांनी मला ते शिकवलं. तुम्हीही शिकाल, म्हणून सविस्तर सांगते. सरळ लाथ आली की मागे जायचं नाही. मागे गेलात की ती आणखी लांब येते. वाकायचं नाही. जागेवर थांबायचंही नाही. पुढे जायचं, पण तिरकं, लाथेच्या रेषेतून बाहेर. लाथेत जोर असतो तो टोकाला. आत शिरलात की तो जोर मागे राहतो. पुढच्या हाताने, मनगट ते कोपर या भागाने, त्याची नडगी बाहेर ढकलायची. दुसरा हात पोटरीखालून घालायचा, टाच उचलून घ्यायची आणि पाय स्वतःच्या बरगड्यांशी घट्ट धरायचा. नजर त्याच्या पायावर नाही, छातीवर. पाठ सरळ. आता तो एका पायावर आहे आणि तुम्ही दोन.

सांगायला एवढंच. मला ते यायला पाऊस येऊन गेला, उन्हाळा आला आणि गेला. हात लवकर शिकले. पाठ शिकेना. मिस माझ्या कमरेत लाकडी पट्टी खोचायच्या. वाकले की ती बरगडीत टोचायची. घरी स्वयंपाकघरात दार लावून मी सराव करायचे. तुमची आई माझ्यावर पाय उचलायची. आधी तिला ते नको असायचं. "अम्मा, मी नाही मारणार," म्हणायची. मी म्हणायचे, मार. मी वाकले की ती डोळे मिटून घ्यायची. एका संध्याकाळी तिने पाय उचलला आणि तो माझ्या हातात आला, आणि मी उभी होते. ती एका पायावर डुलत राहिली, माझा पदर धरून. मी तिचा पाय खाली ठेवला आणि भात चढवला.

पुढची आयुधपूजा आली. तुमचे आजोबा म्हणाले, जाऊ नकोस, आजारी आहे म्हणून कळव. मी गेले. तुमच्या आईला घेऊन गेले. तेच केळीचे खांब, तोच चंदनाचा वास. नवे मित्र, आणि चिन्नवर बूट घालून.

"या, मॅडम. आमचा नेहमीचा कार्यक्रम." मित्रांना म्हणाला, "आता बघा, ही नमस्कार करील."

मी ताट खाली ठेवलं. निऱ्यांचं टोक कमरेला खोचलं. तुम्हाला वाटेल आजी शूर होती. नव्हती. तोंडाला कोरड पडली होती आणि मला लघवीला जायचं होतं.

त्याने पाय उचलला. माझी मान खाली निघाली. निघाली होती. मग पाठ आठवली. डावा पाय तिरका पुढे पडला, हाताला नडगी लागली, टाच माझ्या काखेत आली. मी धरली.

तो एका पायावर उड्या मारायला लागला. हात टेबलाकडे गेला, टाइपरायटरवरचं कुंकू त्याच्या बोटांना लागलं. कुणी हसलं नाही. मिसनी पुढचंही शिकवलं होतं. त्याचा उभा पाय मागून काढून घेता आला असता. मी काढला नाही. आजही मला ठाऊक नाही, तो विचार होता की भीती.

"विडु," तो म्हणाला. सोड.

मी तमिळमध्ये म्हटलं, "पुन्हा पाय उचलायचा नाही. माझ्यावर नाही, इथल्या कुणावरच नाही."

"मॅडम, सोडा. गंमत होती."

"मला गंमत आली नाही."

त्याने होकारार्थी मान हलवली. मी पाय सोडला. सावकाश, पडणार नाही असा.

आणि मग, मुलांनो, माझा उजवा हात वर निघाला. माझ्या डोळ्यांकडे. पायाला लागलेला हात. छातीपर्यंत आला होता. समोर तुमची आई बघत होती. तिला कळलं तो हात कुठे चाललाय. मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी हात थांबवला. साडीला पुसला.

पाय धरणं सोपं होतं. ते मी शिकून आले होते. तो हात थांबवायला मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मी एवढंच केलं. बाकीची कवायत होती.

सुट्टी संपल्यावर पेरियवरांनी बोलावलं. समोर बसायला सांगितलं, पहिल्यांदाच. गोड बोलले. "अम्मा, तू घरच्यासारखी. कामगारांसमोर मुलाची अब्रू गेली. सगळ्यांसमोर एकदा माफी माग, मी विसरलो."

"मागच्या वर्षी माझी गेली, सर."

"तुझी?" ते म्हणाले. त्यांना खरंच कळलं नाही. गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोर घडली होती आणि माझी अब्रू त्यांना त्यात दिसली नव्हती.

मी माफी मागितली नाही. राजीनामा स्वतःच टाइप केला. खाली आभाराची ओळ घालायची पद्धत असते. ती घातली नाही.

फाटकापाशी मुनुसामी होता. मला वाटलं, तो काही चांगलं बोलेल. माझी तशी अपेक्षा होती, हे लिहायलाही लाज वाटते.

तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मग मीच."

मी म्हटलं, "तुम्ही रविवारी मांबळमला या. मिस शिकवतील."

"रविवारी?" तो म्हणाला, आणि हसला. वाईट हसला नाही. आठवड्याचा एक मोकळा दिवस, गुम्मिडिपूंडीहून मांबळम, आणि घरी चूल पेटवायला नोकरी ही एकच. मला दुसरा पगार होता, तुमच्या आजोबांचा. मला राजीनामा परवडला. त्याला डोळे मिटणंच परवडत होतं. तो कधी आला नाही. मी 'कुणावरच नाही' म्हटलं होतं. कारखान्याच्या फाटकाबाहेर माझ्या त्या शब्दाला काही किंमत नव्हती. आतही नसणार.

नंतर मला एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. रविवारी शांता मिसच्या शेजारी उभी राहायला लागले. गुडघे जाईपर्यंत उभी राहिले. मोलकरणी आल्या, नर्सा आल्या, नवरे मारत होते अशा आल्या, एक न्यायाधीशाची बायको आली. पाय उचलला की सगळ्या वाकायच्या. जातीने, शिक्षणाने फरक पडत नव्हता. पट्टी माझ्या हातात असायची.

डिसेंबरात तुम्ही याल. दारात तुमचे बाबा म्हणतील, आजीला वाकून नमस्कार करा. करायचा नाही. मी त्यांना सांगितलं आहे. त्यांना वाईट वाटलं, तुमच्या पुण्याच्या आजीलाही वाटलं. वाटू दे. त्यांच्या घरी त्यांची रीत. माझ्या घरात कुणी कुणाच्या पायाशी वाकत नाही. भांडी घासायला येते ती सेल्वी नाही, तुम्ही नाही, पाहुणा नाही. तुमच्या आईच्या लग्नात मी तिला वाकू दिलं नाही. दोन्हीकडचे लोक रुसले, मांडवात कुजबुज झाली. तिने मान वर ठेवून हात जोडले. ती घाबरली होती. मीही. पण तिची पाठ सरळ होती.

माझ्यासमोर याल तेव्हा डोळ्यांत बघून 'आलो' म्हणा. माझ्यावर प्रेम असेल तर तेवढं पुरे. नसेल तर वाकून येणार नाही.

आता काय उरलं आहे ते सांगते. हातात जोर उरलेला नाही. शांता मिस गेल्या. तो कारखाना दुसऱ्या कुणाचा झाला. खांद्याचं हाड थंडीत दुखतं. लाज उरली आहे, होती तेवढीच. ती मी जाऊ देणार नाही. तिच्यामुळेच मी सरळ उभी राहते.

तुमची,
आजी